एनबीए वेतनमर्यादा

एनबीए वेतनमर्यादा, अर्थात सॅलरी कॅप, ही अमेरिका व कॅनडामधील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एनबीए) या व्यावसायिक लीगमधील प्रत्येक संघाने एका हंगामात खेळाडूंच्या वेतनावर किती खर्च करावा, याविषयीची मर्यादा होय. लीगमधील ३० संघांना ती समान लागू असते. संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात होणाऱ्या सामूहिक करारानुसार दरवर्षी लीगच्या उत्पन्नाच्या आधारे ही रक्कम निश्चित केली जाते. इ.स. १९८४-८५ च्या हंगामात ती ३६ लाख डॉलर होती. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती १५ कोटी ४६ लाख ४७ हजार डॉलर आहे.

ही मर्यादा लवचीक स्वरूपाची आहे. ठरावीक अपवादांचा आधार घेऊन संघ ती ओलांडू शकतात आणि बहुतेक संघ प्रत्यक्षात ती ओलांडतातच. त्यामुळे खेळाडूंशी होणारे करार, संघांमधील खेळाडूंची अदलाबदल आणि या दोहोंविषयी वर्षभर पसरणाऱ्या वार्ता व अफवा यांचे स्वरूप बहुतांशी वेतनमर्यादेच्या नियमांवरून ठरते.

इतिहास

पार्श्वभूमी

एनबीएची पूर्वज असलेल्या बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका या लीगने १९४६-४७ च्या पहिल्या हंगामात प्रत्येक संघासाठी ५५,००० डॉलरची मर्यादा घातली होती. ती एका हंगामानंतर रद्द झाली. पुढील अनेक दशके वेतनावर औपचारिक मर्यादा नव्हती. मात्र करार संपल्यानंतरही खेळाडू मूळ संघाशीच बांधलेला राहत असल्यामुळे वेतन आपोआप नियंत्रणात राहत असे. बॉस्टन सेल्टिक्सचे बॉब कूझी यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये खेळाडूंची संघटना स्थापन झाली.

१९७० मध्ये संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावाने लीगविरुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा दाखल करण्यात आला. अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन या प्रतिस्पर्धी लीगशी होऊ घातलेले विलीनीकरण रोखणे आणि खेळाडूंना संघ बदलण्याचे स्वातंत्र्य मिळवून देणे, हे त्यामागील उद्देश होते. १९७६ मध्ये या दाव्यात तडजोड झाली. विलीनीकरणाचा मार्ग मोकळा झाला आणि करार संपलेल्या खेळाडूला अन्य संघाशी बोलणी करण्याचा अधिकार मिळाला. मात्र तेवढेच वेतन देऊन त्याला राखण्याचा हक्क मूळ संघाकडे राहिला.

स्वातंत्र्याबरोबर वेतनेही वाढू लागली. १९८१ मध्ये लॉस एंजेलस लेकर्सने मॅजिक जॉन्सन यांच्याशी २५ वर्षांसाठी अडीच कोटी डॉलरचा करार केला. याच काळात लीगची लोकप्रियता मात्र ओसरलेली होती. १९८० च्या अंतिम मालिकेचा निर्णायक सहावा सामनाही अमेरिकेतील बहुतेक शहरांत थेट न दाखवता रात्री उशिरा ध्वनिचित्रमुद्रणाद्वारे दाखवला गेला. अनेक संघ तोट्यात होते आणि काही संघ बंद पडण्याची भीती व्यक्त होत होती.

१९८३ चा करार

या परिस्थितीत मार्च १९८३ मध्ये लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात नवा करार झाला. वेतनावरील मर्यादा खेळाडूंनी मान्य केली व त्या बदल्यात लीगच्या एकूण उत्पन्नातील ५३ टक्के वाटा त्यांना देण्याचे ठरले. खेळाडूंच्या वतीने संघटनेचे अध्यक्ष बॉब लॅनियर आणि सल्लागार लॅरी फ्लायशर यांनी बोलणी केली. फेब्रुवारी १९८४ मध्ये आयुक्तपदी आलेले डेव्हिड स्टर्न हे लीगच्या बाजूने या कराराच्या शिल्पकारांपैकी एक मानले जातात. अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक लीगांमध्ये आधुनिक काळातील वेतनमर्यादा प्रथम एनबीएने स्वीकारली.

संघर्ष आणि सुधारणा

१९८८ च्या करारान्वये काही वर्षांचा अनुभव असलेल्या खेळाडूंना मूळ संघाच्या हक्काशिवाय संघ बदलण्याची मुभा मिळाली. टॉम चेंबर्स यांनी त्याच वर्षी सिअ‍ॅटल सोडून फिनिक्स सन्सशी करार केला. ते या अर्थाने लीगमधील पहिले पूर्णतः मुक्त खेळाडू ठरले.

१९९० च्या दशकात दोन प्रश्न पुढे आले. पहिला प्रश्न नवोदितांच्या वेतनाचा होता. १९९४ मध्ये प्रथम क्रमांकाने निवडल्या गेलेल्या ग्लेन रॉबिन्सन यांनी एकही सामना खेळण्यापूर्वी मिलवॉकी बक्सशी १० वर्षांचा ६ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. त्यानंतर १९९५ च्या करारात नवोदितांसाठी निवडीच्या क्रमांकानुसार ठरावीक वेतनश्रेणी लागू झाली. दुसरा प्रश्न अव्वल खेळाडूंच्या वेतनाचा होता. १९९६-९७ च्या हंगामात शिकागो बुल्सने मायकेल जॉर्डन यांना ३ कोटी १ लाख डॉलरहून अधिक वेतन दिले. त्या हंगामातील संपूर्ण संघाची मर्यादा सुमारे २ कोटी ४३ लाख डॉलर होती. १९९७ मध्ये मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्‌जने २१ वर्षांच्या केविन गार्नेट यांच्याशी सहा वर्षांसाठी १२ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. ही रक्कम त्या संघाच्या मालकाने काही वर्षांपूर्वी संघ विकत घेताना मोजलेल्या किमतीपेक्षा अधिक होती.

मालकांनी १ जुलै १९९८ पासून टाळेबंदी जाहीर केली. ती जानेवारी १९९९ मध्ये संपली आणि त्या हंगामात प्रत्येक संघाला ८२ ऐवजी ५० सामनेच खेळता आले. नव्या करारात वैयक्तिक वेतनावर कमाल मर्यादा आली व लक्झरी टॅक्स या अधिभाराची तरतूद झाली. २०११ मध्ये पुन्हा टाळेबंदी होऊन हंगाम ६६ सामन्यांचा झाला. उत्पन्नातील खेळाडूंचा वाटा ५७ टक्क्यांवरून ४९ ते ५१ टक्क्यांवर आला.

२०१४ मध्ये झालेल्या नऊ वर्षांच्या सुमारे २४ अब्ज डॉलरच्या प्रक्षेपण करारामुळे २०१६-१७ मध्ये मर्यादा एकाच वर्षात ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाख डॉलरवर गेली. या अचानक वाढीमुळे, आधीच्या हंगामात ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सला केविन ड्युरँट यांच्याशीही करार करता आला. या अनुभवावरून २०२३ च्या करारात मर्यादेची वार्षिक वाढ १० टक्क्यांपर्यंत सीमित करण्यात आली. त्यामुळे २०२५-२६ पासून लागू झालेल्या ११ वर्षांच्या सुमारे ७६ अब्ज डॉलरच्या नव्या प्रक्षेपण करारानंतर तशी उसळी आली नाही.

निवडक हंगामांतील वेतनमर्यादा

१९८४-८५ : ३६ लाख डॉलर
१९९५-९६ : २ कोटी ३० लाख डॉलर
१९९८-९९ : ३ कोटी डॉलर
२०१०-११ : ५ कोटी ८० लाख ४४ हजार डॉलर
२०१५-१६ : ७ कोटी डॉलर
२०१६-१७ : ९ कोटी ४१ लाख ४३ हजार डॉलर
२०२०-२१ : १० कोटी ९१ लाख ४० हजार डॉलर
२०२२-२३ : १२ कोटी ३६ लाख ५५ हजार डॉलर
२०२४-२५ : १४ कोटी ५ लाख ८८ हजार डॉलर
२०२५-२६ : १५ कोटी ४६ लाख ४७ हजार डॉलर

कोविड-१९ साथीमुळे उत्पन्न घटूनही २०२०-२१ ची मर्यादा उभय पक्षांच्या संमतीने मागील हंगामाइतकीच ठेवण्यात आली होती.

स्वरूप

मर्यादेची गणना

प्रक्षेपण हक्क, तिकीटविक्री, प्रायोजकत्व इत्यादींतून येणारे बास्केटबॉलशी संबंधित उत्पन्न हा गणनेचा पाया आहे. येत्या हंगामातील अंदाजित उत्पन्नाच्या ४४.७४ टक्के रकमेतून खेळाडूंच्या निवृत्तिवेतनादी लाभांचा खर्च वजा करतात व उरलेली रक्कम संघांच्या संख्येने भागतात. संघांनी फार कमी खर्च करू नये म्हणून किमान मर्यादाही आहे. ती वेतनमर्यादेच्या ९० टक्के असते.

अपवाद

मर्यादा ओलांडलेल्या संघाला बाहेरच्या मुक्त खेळाडूशी मोठा करार करता येत नाही. त्याला पुढील प्रमुख अपवादांवर अवलंबून राहावे लागते.

बर्ड अपवाद : बॉस्टन सेल्टिक्सचे लॅरी बर्ड यांच्या नावाने ओळखला जाणारा हा अपवाद सर्वांत महत्त्वाचा आहे. मुक्त खेळाडू म्हणून संघ न बदलता सलग तीन हंगाम खेळलेल्या खेळाडूशी त्याच्या संघाला मर्यादा ओलांडून, कमाल वेतनापर्यंत, पुन्हा करार करता येतो. अदलाबदलीत खेळाडू दुसऱ्या संघाकडे गेल्यास हा हक्कही त्याच्याबरोबर जातो. त्यामुळे करार संपत आलेल्या खेळाडूलाही अदलाबदलीत मोल असते.

मिड-लेव्हल अपवाद : मधल्या फळीतील खेळाडूंसाठी दरवर्षी मिळणारी ठरावीक रक्कम. संघाचा एकूण खर्च जितका जास्त, तितकी ही रक्कम कमी होते.

किमान वेतन अपवाद : लीगच्या किमान वेतनावर कितीही खेळाडू घेण्याची मुभा, अर्थात संघातील जागांच्या मर्यादेत.

नवोदित अपवाद : ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूंशी वेतनश्रेणीनुसार करार करण्याची मुभा.

काही नियम विशिष्ट प्रसंगांतून जन्मले. २००३ मध्ये गिल्बर्ट अरीनस हे गोल्डन स्टेट वॉरियर्स सोडून वॉशिंग्टनला गेले. दुसऱ्या फेरीत निवडलेले असल्यामुळे त्यांना राखण्याइतकी जागा मूळ संघाच्या मर्यादेत उरली नव्हती. अशा खेळाडूंना इतर संघांनी देऊ करायच्या वेतनावर २००५ मध्ये जी बंधने आली, ती अरीनस यांच्याच नावाने ओळखली जातात.

लक्झरी टॅक्स आणि एप्रन

वेतनमर्यादेच्या वर लक्झरी टॅक्सची पातळी असते. ती ओलांडणाऱ्या संघाला जादा खर्चावर चढत्या दराने अधिभार भरावा लागतो. मागील चार हंगामांपैकी तीन हंगामांत तो भरला असेल तर दर आणखी वाढतो. हा अधिभार प्रथम २००२-०३ च्या हंगामासाठी आकारला गेला. २०२१-२२ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सने सुमारे १७ कोटी डॉलर अधिभार भरला आणि त्या हंगामाचे विजेतेपदही मिळवले.

श्रीमंत मालकांना केवळ पैशाचा दंड पुरेसा ठरत नाही, या विचाराने नंतरच्या करारांत एप्रन नावाच्या पातळ्या आल्या. २०२५-२६ मध्ये वेतनमर्यादा १५ कोटी ४६ लाख, टॅक्सची पातळी १८ कोटी ७८ लाख, पहिला एप्रन १९ कोटी ५९ लाख आणि दुसरा एप्रन २० कोटी ७८ लाख डॉलर अशा चढत्या पायऱ्या आहेत. दुसरा एप्रन ओलांडणाऱ्या संघाला मिड-लेव्हल अपवाद वापरता येत नाही, अदलाबदलीत रोख रक्कम देता येत नाही आणि अनेक खेळाडूंचे वेतन एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही. शिवाय सात वर्षांनंतरच्या ड्राफ्टमधील त्याचा पहिल्या फेरीतील हक्क गोठवला जातो.

या नियमांचा परिणाम लवकरच दिसला. बॉस्टन सेल्टिक्सने जेलेन ब्राउन यांच्याशी २०२३ मध्ये सुमारे ३० कोटी ४० लाख आणि जेसन टेटम यांच्याशी २०२४ मध्ये सुमारे ३१ कोटी ४० लाख डॉलरचे पाच वर्षांचे करार केले होते. २०२४ चे विजेतेपद मिळवलेल्या या संघाने अवघ्या वर्षभरात, २०२५ च्या उन्हाळ्यात, जू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस यांना अन्य संघांकडे पाठवून खर्च कमी केला.

कराराच्या वाटाघाटी

एका खेळाडूला किती वेतन देता येईल हे त्याच्या अनुभवावरून ठरते. सहा वर्षांपर्यंत अनुभव असलेल्यास वेतनमर्यादेच्या २५ टक्के, सात ते नऊ वर्षांस ३० टक्के आणि दहा वा अधिक वर्षांस ३५ टक्के अशी सर्वसाधारण कमाल मर्यादा आहे. मूळ संघ पाच वर्षांचा करार आणि ८ टक्के वार्षिक वाढ देऊ शकतो; बाहेरचा संघ चार वर्षे आणि ५ टक्केच देऊ शकतो. खेळाडूने आपल्या संघात राहावे यासाठी हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे.

२०११ च्या करारात, सर्वोत्कृष्ट खेळाडूसारखे सन्मान मिळवलेल्या तरुण खेळाडूंना २५ ऐवजी ३० टक्के वेतन देण्याची सोय झाली. त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट खेळाडू डेरिक रोझ यांच्यावरून तिला रोझ नियम म्हणतात. २०१७ पासून सात-आठ वर्षे खेळलेल्या सन्मानप्राप्त खेळाडूंसाठी ३५ टक्क्यांचा सुपरमॅक्स करार उपलब्ध झाला. स्टीफन करी यांनी त्याच वर्षी या तरतुदीखाली पाच वर्षांचा सुमारे २० कोटी १० लाख डॉलरचा करार केला. हा करार ज्या संघाने खेळाडूला निवडले, किंवा ज्याच्याकडे तो पहिल्या काही वर्षांतच अदलाबदलीत आला, त्या संघालाच करता येतो.

नवोदित करार संपलेले बहुतेक खेळाडू मर्यादित मुक्त खेळाडू असतात. त्यांना बाहेरून आलेला प्रस्ताव मूळ संघ तेवढीच रक्कम देऊन हाणून पाडू शकतो. त्यामुळे प्रस्तावाची रचना अशी केली जाते की मूळ संघाला तो परवडू नये. २०१२ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सने जेरेमी लिन यांना तीन वर्षांसाठी सुमारे २ कोटी ५१ लाख डॉलर देऊ केले आणि त्यातील सुमारे १ कोटी ४८ लाख तिसऱ्या वर्षावर ठेवले. न्यू यॉर्क निक्सने या प्रस्तावाची बरोबरी केली नाही.

मर्यादेबाहेर गुप्तपणे काही देण्याचे कबूल करणे हा सर्वांत गंभीर अपराध मानला जातो. मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्‌जने जो स्मिथ यांना कमी वेतनावर खेळून बर्ड अपवादाचा हक्क मिळाल्यावर मोठा करार देण्याचे छुपे लेखी आश्वासन दिल्याचे २००० मध्ये उघड झाले. लीगने तो करार रद्द केला, संघाला ३५ लाख डॉलरचा दंड केला व पहिल्या फेरीतील पाच हक्क काढून घेतले. पुढे ही शिक्षा काहीशी सौम्य करण्यात आली.

खेळाडूंची अदलाबदल

वेतनाची जुळणी

मर्यादेवर असलेल्या संघांमधील अदलाबदलीत दोन्ही बाजूंच्या वेतनांची ठरावीक प्रमाणात जुळणी व्हावी लागते. पहिला एप्रन ओलांडलेल्या संघाला दिलेल्या वेतनापेक्षा अधिक वेतन घेता येत नाही. त्याखालील संघांना काही सवलत असते. अपुरे वेतन परत घेतल्यास उरलेली रक्कम अदलाबदल अपवाद म्हणून एक वर्ष वापरता येते. त्यामुळे खेळाडूकडे त्याच्या खेळाबरोबरच वेतनाचा एक आकडा म्हणूनही पाहिले जाते.

फेब्रुवारी २००८ मध्ये न्यू जर्सी नेट्स आणि डॅलस मॅव्हरिक्स यांच्यातील जेसन किड यांची अदलाबदल या नियमांचे प्रसिद्ध उदाहरण आहे. पहिला प्रस्ताव डेव्हिन जॉर्ज यांनी नाकारला. एक वर्षाच्या करारावर असलेल्या खेळाडूचा बर्ड हक्क अदलाबदलीत नष्ट होणार असेल तर संमती नाकारण्याचा अधिकार त्याला असतो. तो अधिकार त्यांनी वापरला. त्यानंतर वेतनाची जुळणी साधण्यासाठी डॅलसने दीड वर्षाहून अधिक काळ न खेळलेले, पण औपचारिकरीत्या निवृत्त न झालेले, कीथ व्हॅन हॉर्न यांच्याशी सुमारे ४३ लाख डॉलरचा करार करून त्यांना न्यू जर्सीकडे पाठवले. व्हॅन हॉर्न यानंतर एकही सामना खेळले नाहीत.

ड्राफ्टमधील हक्क

भावी ड्राफ्टमधील निवडीचे हक्कही अदलाबदलीत देता येतात. मात्र लागोपाठच्या दोन वर्षांतील पहिल्या फेरीचे हक्क देऊन टाकण्यास मनाई आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सचे मालक टेड स्टेपियन यांनी असे अनेक हक्क देऊन संघ दुबळा केला होता. त्यावरून या नियमाला स्टेपियन नियम म्हणतात.

खेळाडूची संमती

अदलाबदलीला खेळाडूची संमती सहसा लागत नाही. नकाराधिकाराचे कलम करारात घालून घेण्यासाठी लीगमध्ये आठ व त्या संघात चार वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात आणि संघाने ते मान्य करावे लागते. त्यामुळे असे खेळाडू मोजकेच असतात. लॉस एंजेलस क्लिपर्सने २०१७ मध्ये ब्लेक ग्रिफिन यांच्याशी पाच वर्षांचा सुमारे १७ कोटी १० लाख डॉलरचा करार केला. त्या वेळी त्यांची जर्सी निवृत्त करण्याच्या भावी समारंभाची झलक दाखवून त्यांचे मन वळवण्यात आले होते. सहा-सात महिन्यांतच, जानेवारी २०१८ मध्ये, संघाने त्यांना डेट्रॉइटला पाठवले. टोरॉन्टो रॅप्टर्समध्ये नऊ हंगाम खेळलेल्या डीमार डीरोझन यांना जुलै २०१८ मध्ये क्वाय लेनर्ड यांच्या बदल्यात सॅन अँटोनिओला पाठवण्यात आले; पुढच्याच वर्षी टोरॉन्टोने आपले पहिले विजेतेपद पटकावले.

आयझेया थॉमस यांचे उदाहरण या व्यवस्थेची दुसरी बाजू दाखवते. २०१७ मध्ये बहिणीच्या अपघाती मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी ते बॉस्टन सेल्टिक्सकडून बाद फेरीचा सामना खेळले व पुढे कंबरेची दुखापत अंगावर काढत राहिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना कायरी अर्व्हिंग यांच्या बदल्यात क्लीव्हलँडला पाठवण्यात आले. मोठ्या कराराची अपेक्षा असलेल्या थॉमस यांना २०१८ मध्ये डेन्व्हर नगेट्सशी किमान वेतनावर एक वर्षाचा करार करावा लागला.

अफवा आणि माध्यमे

फेब्रुवारीतील अदलाबदलीची अंतिम मुदत, जूनमधील ड्राफ्ट आणि ३० जूनच्या सायंकाळी सुरू होणारा मुक्त खेळाडूंचा बाजार हे अफवांचे मुख्य हंगाम होत. संघांचे व्यवस्थापक आणि खेळाडूंचे प्रतिनिधी वाटाघाटीत आपली बाजू बळकट व्हावी म्हणून पत्रकारांना माहिती पुरवतात. एखाद्या खेळाडूला अनेक संघांकडून मागणी असल्याची बातमी त्याचे मोल वाढवते. तो नाराज असल्याची बातमी त्याच्या संघाची बाजू कमकुवत करते. खेळाडूंची वेतने जाहीर असल्यामुळे एखादी वार्ता नियमांत बसते की नाही हे कोणालाही पडताळता येते. यासाठी ईएसपीएनने ट्रेड मशीन नावाचे साधन उपलब्ध केले आहे.

या क्षेत्रात एड्रियन वोज्नारोव्स्की यांचा विशेष प्रभाव होता. त्यांच्या समाजमाध्यमांवरील ठळक बातम्यांना चाहते ‘वोज बॉम्ब’ म्हणत. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी ईएसपीएन सोडल्यानंतर त्यांची जागा शॅम्स चरानिया यांनी घेतली.

बाजार उघडल्यापासून ६ जुलैपर्यंत बहुतेक करारांवर स्वाक्षरी करता येत नाही. या काळातील सहमती केवळ तोंडी असते. २०१५ मध्ये डिअँड्रे जॉर्डन यांनी डॅलस मॅव्हरिक्सला होकार दिला होता. स्वाक्षरीची मुभा मिळण्याच्या आदल्या दिवशी क्लिपर्सचे खेळाडू व अधिकारी त्यांच्या ह्यूस्टनमधील घरी पोहोचले आणि जॉर्डन यांनी क्लिपर्सशीच पुन्हा करार केला. डॅलसला नियमानुसार कोणतीही दाद मागता आली नाही.

दुसऱ्या संघाशी करारबद्ध असलेल्या खेळाडूला फूस लावण्यास मनाई आहे. पॉल जॉर्ज यांच्याशी संबंधित प्रकरणात २०१७ मध्ये लेकर्सला ५ लाख डॉलरचा दंड झाला. २०१९ पासून अशा दंडाची कमाल रक्कम १ कोटी डॉलर आहे. खेळाडूने जाहीरपणे संघ बदलण्याची मागणी करणेही दंडनीय आहे. जानेवारी २०१९ मध्ये अँथनी डेव्हिस यांच्या प्रतिनिधीने तशी मागणी केल्याबद्दल डेव्हिस यांना ५० हजार डॉलरचा दंड झाला.

डेव्हिस यांच्या प्रकरणात अफवांचा संघावरील परिणामही दिसला. त्यांच्या बदल्यात लेकर्सचे बहुतेक तरुण खेळाडू देऊ केल्याच्या बातम्या येत असताना ५ फेब्रुवारी २०१९ रोजी इंडियाना पेसर्सने लेकर्सचा ४२ गुणांनी पराभव केला. प्रेक्षक ब्रँडन इंग्राम यांना, लेब्रॉन तुला विकणार, अशा आशयाच्या घोषणांनी डिवचत होते. त्या महिन्यात व्यवहार झाला नाही. उन्हाळ्यात झाला तेव्हा इंग्राम यांना खरोखरच जावे लागले.

याउलट लीगच्या इतिहासातील सर्वांत धक्कादायक मानल्या जाणाऱ्या व्यवहाराची अफवाही पसरली नव्हती. १ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री डॅलसने २५ वर्षांचे लुका डॉन्चिच लेकर्सला देऊन अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि पहिल्या फेरीतील एक हक्क घेतल्याची बातमी चरानिया यांनी दिली, तेव्हा त्यांचे खाते कोणी बळकावले असावे असे अनेकांना वाटले. डॉन्चिच त्या उन्हाळ्यात डॅलसबरोबर सुमारे ३४ कोटी ५० लाख डॉलरच्या सुपरमॅक्स करारास पात्र ठरणार होते. संघ बदलल्यामुळे तो हक्क संपला. ऑगस्टमध्ये त्यांनी लेकर्सशी तीन वर्षांचा सुमारे १६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. डॅलसमधील चाहत्यांचा रोष शमला नाही आणि व्यवहार करणारे व्यवस्थापक निको हॅरिसन यांना नोव्हेंबर २०२५ मध्ये पदावरून दूर करण्यात आले.

भारताशी संबंध

मुंबईत जन्मलेले उद्योजक विवेक रणदिवे यांच्या नेतृत्वाखालील समूहाने २०१३ मध्ये सॅक्रमेंटो किंग्ज हा संघ घेतला. एनबीएचे भारतातील पहिले सामने ४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईतील वरळी येथे किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात झाले.

किंग्जच्या दोन प्रकरणांत वर वर्णिलेले नियम ठळकपणे दिसतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये संघाने डीमार्कस कझिन्स यांना न्यू ऑर्लीन्सला पाठवले. त्यामुळे कझिन्स सुमारे २० कोटी ९० लाख डॉलरच्या संभाव्य सुपरमॅक्स करारास अपात्र झाले. पुढे जानेवारी २०१८ मध्ये त्यांना पायाची गंभीर दुखापत झाली आणि त्या उन्हाळ्यात त्यांनी गोल्डन स्टेटशी सुमारे ५३ लाख डॉलरचा एक वर्षाचा करार केला. नोव्हेंबर २०२० मध्ये बोग्दान बोग्दानोविच हे किंग्जकडून मिलवॉकी बक्सकडे जाणार असल्याची बातमी बाजार उघडण्यापूर्वीच आली. व्यवहार फिसकटला, लीगने चौकशी करून मिलवॉकीचा दुसऱ्या फेरीतील एक हक्क काढून घेतला, आणि बोग्दानोविच अटलांटा हॉक्सच्या चार वर्षांच्या ७ कोटी २० लाख डॉलरच्या प्रस्तावावर गेले. किंग्जने त्याची बरोबरी केली नाही.

अन्य लीगांशी तुलना

अमेरिकन फुटबॉलमधील एनएफएलने १९९४ मध्ये आणि आइस हॉकीमधील एनएचएलने २००४-०५ चा संपूर्ण हंगाम टाळेबंदीत गमावल्यानंतर कठोर वेतनमर्यादा स्वीकारली. मेजर लीग बेसबॉलमध्ये वेतनमर्यादा नाही, केवळ अधिभार आहे. महिलांच्या डब्ल्यूएनबीए लीगमध्ये दीर्घकाळ कठोर मर्यादा राहिली. २०२४ मध्ये प्रथम क्रमांकाने निवडल्या गेलेल्या केटलिन क्लार्क यांचे पहिल्या वर्षाचे वेतन ७६,५३५ डॉलर होते. भारतातील आयपीएलमध्ये लिलावासाठी प्रत्येक संघाला ठरावीक रक्कम मिळते. २०२५ च्या हंगामासाठी ती १२० कोटी रुपये होती. आपले खेळाडू मर्यादेबाहेर जाऊन राखण्यासाठी बर्डसारखा अपवाद तेथे नाही; राखलेल्या खेळाडूंची रक्कम त्याच १२० कोटींतून वजा होते.

मूल्यमापन

समर्थकांच्या मते वेतनमर्यादेमुळे लहान शहरांतील संघांनाही स्पर्धेत राहता येते. २०१९ ते २०२५ या सात हंगामांत टोरॉन्टो, लेकर्स, मिलवॉकी, गोल्डन स्टेट, डेन्व्हर, बॉस्टन आणि ओक्लाहोमा सिटी असे सात वेगळे विजेते झाले, याचा दाखला त्यासाठी दिला जातो.

टीकाकारांचे आक्षेप मुख्यतः तीन आहेत. कमाल वेतनाच्या नियमामुळे अव्वल खेळाडूंना बाजारमूल्यापेक्षा कमी पैसे मिळतात, तर संघांच्या विक्रीमूल्यावर कोणतीही मर्यादा नाही. एप्रनच्या बंधनांमुळे कुशलतेने उभारलेले संघ लवकर मोडावे लागतात आणि मधल्या फळीतील खेळाडूंना मिळणारा वाटा आक्रसतो. तिसरा आक्षेप सुपरमॅक्सबाबत आहे. खेळाडूला मूळ संघात राखण्यासाठी केलेली ही तरतूदच काही वेळा त्याला घालवण्याचे कारण ठरते. एवढी रक्कम पाच वर्षांसाठी गुंतवावी की आधीच खेळाडू देऊन टाकावा, असा पेच संघापुढे उभा राहतो. कझिन्स आणि डॉन्चिच यांच्या व्यवहारांच्या चर्चेत हा मुद्दा वारंवार मांडला गेला.

सध्याचा सामूहिक करार १ जुलै २०२३ पासून लागू असून तो २०२९-३० च्या हंगामापर्यंत आहे. त्याआधी एक वर्ष त्यातून बाहेर पडण्याची मुभा दोन्ही पक्षांना आहे.